खांबाभोवतीची फट

“उडी मार,” मगदूम सर इसाकला म्हणाले.

इसाक मुजावर हा वेधशाळेचा शिपाई. चाळिशीतला, दोन मुलींचा बाप. त्याने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मार रे. ओतारींना बघू दे.”

इसाकने चपला काढल्या, खाकी पँट जरा वर ओढली आणि जागच्या जागी उडी मारली. दुर्बिणीच्या शेपटाशी लावलेल्या पांढऱ्या कागदावर भाकरीएवढा सूर्य पडला होता. तो परातीतल्या पाण्यासारखा हिंदकळला आणि स्थिर व्हायला त्याने बराच वेळ घेतला.

“आता नुसता चाल.”

इसाक चालला. सूर्य पुन्हा थरथरला.

“पूर्वी इथं वीस-वीस पोरं यायची, दंगा करायची, पण हा ढिम्म हलायचा नाही,” सर म्हणाले. “दीड वर्ष झालं, हे असं चाललंय. आधी वाटलं भिंगाची चौकट सैल झाली. ती काढून बघितली. बोल्ट आवळले. चष्मा बदलला. मग वाटलं, ऑपरेशननंतर माझे हातच...”

त्यांनी उजवा हात पुढे धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. हात किंचित कापत होता. साठीला टेकलेल्या माणसाचा कापेल तेवढाच.

“ते जाऊ दे. तू बांधकामातला माणूस. मला एवढं सांग, खांब खचलाय का?”

ही गोष्ट १९७० सालच्या मे महिन्यातली. मी चोवीस वर्षांचा होतो आणि कुरुंदगडच्या कॉलेजात ओव्हरसिअर म्हणून लागून दोन वर्षं होत आली होती. नोकरी तात्पुरती. जूनमध्ये कायम करतो, असं प्राचार्य जहागीरदारांनी तोंडी सांगितलं होतं. कॉलेजच्या इमारतींची गळती, गिलावा, लाद्या हे माझं काम. त्यात ही वेधशाळाही आली. दुमजली दगडी बुरूज, वर फिरता पत्र्याचा घुमट. त्या दिवशी गुरुवार होता. घुमटाची खिडकी उघडी असली तरी आत भट्टी पेटल्यासारखं वाटत होतं, आणि सर डोक्यावर ओला पंचा ठेवून कागदावर वाकले होते.

ते नुसत्या हौसेने वाकले नव्हते. शनिवारी, नऊ तारखेला, बुध सूर्यबिंबावरून जाणार होता. सकाळी पावणेदहापासून संध्याकाळी पावणेसहापर्यंत, सगळा प्रवास आपल्या आकाशात, भर उन्हात. आणि त्याच दिवशी विद्यापीठाची समिती येणार होती. वेधशाळा चालू ठेवायची की बंद करायची, ते समिती सांगणार होती. प्राचार्यांना बुरुजात परीक्षेच्या कागदपत्रांसाठी पक्की खोली हवी होती. जाड भिंती, एकच दार. त्यांचं तरी काय चुकत होतं?

“खांब कसा बांधलाय, सर?” मी विचारलं. खोलीच्या मधोमध तो काळ्या दगडाचा खांब जमिनीतून वर आला होता आणि त्याच्या डोक्यावर दुर्बीण बसवली होती.

सरांना हा प्रश्न कोणी विचारला की बरं वाटायचं. ते स्टुलावर बसले.

“एकोणीसशे दहा साली शेपटीचा तारा निघाला. राजेसाहेबांनी तो गच्चीवरून बघितला आणि कॉलेजला दुर्बीण मागवली. घर बांधायचं काम गोगटे मास्तरांकडे. माझे गुरू. गवंडी होता तुकाराम वडार. मास्तरांनी त्याला सांगितलं, बारा हात खोल खण, तिथून खांब उचल, आणि या खांबाने इमारतीला कुठं शिवायचं नाही. भिंतीला नाही, मजल्याला नाही. तुकारामाला ते पटेना. कशाला न धरलेला खांब त्याने जन्मात बांधला नव्हता. मास्तर जेवायला गेले की हा हळूच एक दगड भिंतीत गुंतवून टाकायचा. मास्तरांनी दोनदा काम पाडायला लावलं.”

इसाक हसला. मीही हसलो.

“बांधून झाल्यावर मास्तरांनी काय केलं माहीत आहे? खांबावर पाण्याचं ताट ठेवलं आणि तालमीतले बारा पैलवान वर बोलावले. म्हणाले, मारा बैठका. पैलवानांनी घाम गाळला. मजला दणाणत होता, आणि ताटातल्या पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठली नाही. कारण खांबाभोवती मजल्यात दोन बोटांची फट ठेवलीय. चहूबाजूंनी. ही लाकडी कडी बसवलीय ना, तिच्या खाली.”

मी त्या कडीकडे पाहिलं. खांबाभोवती, जमिनीलगत, दोन अर्धगोलांची सागवानी कडी. चार स्क्रू. पॉलिश माझंच.

अडुसष्टच्या दिवाळीत सर पोटाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. दोन महिने. मी नोकरीवर नवा होतो. इसाक तेव्हाच या कामावर आला होता आणि त्या फटीतून विंचू निघतात म्हणून त्याने माझ्याकडे तक्रार केली होती. मी कडी उघडली, फट पाहिली, आणि मला वाटलं, साठ वर्षांत मजला सुटलाय. मी ती सिमेंटने भरून काढली. एकास तीनचा माल, चाळलेली वाळू. सात दिवस स्वतः पाणी मारलं. मग कडी बसवून पॉलिश केलं. प्राचार्यांनी वर येऊन पाहिलं आणि शाबासकी दिली होती.

“फट मोकळी आहे ना रे?” सर म्हणाले. “मला आता वाकवत नाही. टाके ओढतात. तू बघितली असशील.”

इसाकला काही आठवत असावं असं वाटलं नाही. तो घुमटाचा दोर गुंडाळत होता.

“मोकळी आहे सर,” मी म्हणालो.

का म्हणालो? पुढे कितीतरी वर्षं मी याचं उत्तर शोधत राहिलो. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर विचार करायच्या आतच ते तोंडातून निघून गेलं होतं.

“मग हलतोय तो मीच,” सर म्हणाले, आणि कागदावरच्या सूर्याकडे वळले.

त्या रात्री मला झोप कसली ती आली नाही, आणि शुक्रवारी सकाळपासून पाय एका जागी ठरेनात. वसतिगृहाच्या गच्चीवर गेलो, लगेच उतरलो. कारकुनाने चहा पुढे केला तो तसाच राहिला. सर रोज अकराला घरी जेवायला जात आणि तीनला परत येत. मधले चार तास माझे होते. इसाकला खडूचा डबा आणायला गावात पाठवलं, छिन्नी-हातोडा घेऊन वर गेलो, दार आतून लावून घेतलं आणि लाकडी कडीचे स्क्रू काढले.

माझं काम चांगलं झालं होतं, तेच नडलं. सिमेंट दगडासारखं कडक झालं होतं. आवाज होऊ नये म्हणून हातोड्याला फडकं गुंडाळलं होतं, त्यामुळे घाव बसत नव्हता. घाम डोळ्यांत जाऊन दिसेना. एक छिन्नी बोथट झाली. दोन वाजेपर्यंत जेमतेम हातभर फट मोकळी झाली होती. खांबाचा घेर सहा हात. मी गणित केलं आणि तसाच भिंतीला टेकून बसलो. मग चुरा गोळा करून खिशात भरला, कडी बसवली, जमीन ओल्या फडक्याने पुसली.

तीनला सर आले. जमिनीकडे पाहून म्हणाले, “वा, आज झाडून घेतलंस वाटतं.”

शनिवारी सकाळी साडेनऊला बुरुजाच्या त्या खोलीत आम्ही अकराजण होतो. समितीतले तिघे, प्राचार्य, पाच प्राध्यापक, सर आणि मी. इसाक खाली चहाच्या तयारीत होता. समितीचे अध्यक्ष डॉ. सबनीस. उंच, गोरे, बोलणं सौम्य, पण पायात चामडी बूट होते आणि त्यांना एका जागी उभं राहायची सवय नव्हती. ते प्रत्येक गोष्ट जवळ जाऊन बघत. घड्याळ बघत, दोर बघत, भिंतीवरचे जुने तक्ते बघत. त्यांच्या प्रत्येक पावलागणिक कागदावरचा सूर्य दचकत होता.

नऊ एकोणपन्नासला बुधाचा पहिला स्पर्श. तो क्षण सरांना सेकंदासकट टिपायचा होता. मी हातात घड्याळ धरून आकडे म्हणत होतो. सूर्याची कड इतकी नाचत होती की स्पर्श झाला केव्हा ते कोणालाच कळलं नाही. दहा वाजता कडेच्या आत काळा ठिपका दिसला. खसखशीएवढा. तो ठिपकाही थरथरत होता. सरांनी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. कागदावर एका खुणेच्या जागी तीन झाल्या.

“प्रोफेसर,” सबनीस हसून म्हणाले, “दुर्बीण हलतेय की तुम्ही?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. “बहुतेक मीच असेन,” ते म्हणाले. “वय झालं.”

बत्तीस वर्षं रोज सूर्यावरच्या डागांची चित्रं काढणारा माणूस होता तो. सूर्यास्ताआधी जेवून सहाला वर चढायचा आणि जोडताऱ्यांची मापं घेत मध्यरात्र करायचा. मी घड्याळ खिशात टाकलं. आता सांगायचं, असं ठरवून मी पुढे झालो. तोंड उघडलं.

“सर्वांनी खाली उतरा,” मी म्हणालो. “मजला दबतोय.”

सगळे वळले.

“काय म्हणालात?” सबनीस.

“इथं एवढी माणसं नकोत. तुळया जुन्या आहेत. मी ओव्हरसिअर आहे इथला.”

“म्हणजे वरचा मजला धोकादायक आहे?”

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. रागावले असतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“हो,” मी म्हणालो.

दोन मिनिटांत खोली रिकामी झाली. मीसुद्धा बाहेर पडलो आणि भिंतीच्या पोटातून जाणाऱ्या दगडी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. “सर, तुम्ही स्टुलावरून उठू नका,” मी ओरडलो. “मी इथून वेळ सांगतो.”

मग सर म्हणाले, “ओतारी.”

“सर?”

“थांबला रे.”

मी मान लांब करून बघितलं. कागदावर सूर्य चिकटवल्यासारखा स्थिर होता, आणि त्यावर तो ठिपका.

दिवसभर मी दर पंधरा मिनिटांनी वेळ सांगत होतो आणि सर खूण करत होते. ते जेवायला उठले नाहीत. इसाकने उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या दिला, तो मी बसल्या बसल्या फरशीवरून हळूच पुढे सरकवला. खाली चिंचेच्या सावलीत समितीचा चहा झाला, मग जेवण, मग गाड्या निघून गेल्याचा आवाज आला. सरांनी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. उसाच्या रानावर सूर्य कलला तरी ते तसेच होते. पाच त्रेचाळीसला आतून आवाज आला, “सुटला!” एखाद्या पोराने पतंग काटला की ओरडावं तसा. मी वेळ लिहून घेतली.

सर भिंतीला धरत बाहेर आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. तोंड उन्हाने लाल झालं होतं.

“मजला दबून खांबाला टेकला असणार,” ते म्हणाले. “म्हणूनच कोणी चाललं की हलत होतं. माझ्या कसं लक्षात आलं नाही? मला वाटलं, मी संपलो. काल तर मी राजीनामा लिहून ठेवला होता.” ते हसले. “तू मजला उचलून घे सुट्टीत. जूनअखेर मी रिटायर होतोय, तो शेवटचा महिना का होईना, नीट जाऊ दे.”

मी हो म्हणालो. सायकल घेऊन निघालो आणि घर ओलांडून नदीच्या पुलापर्यंत कसा गेलो ते मला कळलंच नाही.

विद्यापीठाचं पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. प्राचार्यांनी मला बोलावून ते वाचायला दिलं. ‘महाविद्यालयाच्या ओव्हरसिअरांच्या मते वरचा मजला धोकादायक असल्याने वेधशाळा तातडीने बंद करावी, दुर्बीण उतरवून सुरक्षित ठिकाणी ठेवावी.’

“योग्य वेळी बोललास,” प्राचार्य म्हणाले. “तुझी कायमची ऑर्डर टाइप होतेय. फाइलसाठी तेवढा मजल्याचा दाखला लिहून दे.”

बाहेर व्हरांड्यात सर उभे होते. त्यांनाही पत्राची प्रत मिळाली होती.

“ओतारी, तू एवढंच लिहून दे की मजला दुरुस्त होण्यासारखा आहे. मी स्वतः घेऊन जातो विद्यापीठात. तुझ्या शब्दावर बंद करतायत, तुझ्या शब्दावर उघडतील.”

एकाच मजल्याचे दोन दाखले दोघांना हवे होते, आणि मजल्याला काही झालेलं नव्हतं.

“सर, वर चला,” मी म्हणालो.

वर गेल्यावर मी पेचकस काढला आणि चारही स्क्रू काढले. कडीचे दोन्ही अर्धगोल बाजूला ठेवले. सर जिथे उभे होते तिथून त्यांना नीट दिसेना. ते स्टुलाला धरून, एक हात पोटावर दाबून, हळूहळू गुडघ्यावर बसले. त्यांनी सिमेंटवरून बोट फिरवलं. जिथे मी छिन्नी चालवली होती तिथे बोट थांबलं.

“हे केव्हाचं?”

“तुम्ही मिरजेला होता तेव्हाचं. मीच भरली फट. मला माहीत नव्हतं, सर.”

“आणि हे फोडलेलं?”

“बुधाच्या आदल्या दिवशी.”

खाली इसाक कोणाशी तरी बोलत होता, त्याचा आवाज येत होता.

“गुरुवारी मी तुला विचारलं होतं,” सर म्हणाले.

“हो.”

“मोकळी आहे म्हणालास.”

“हो सर.”

“मजला?”

“मजल्याला काही झालेलं नाही. आजही पैलवान चढतील.”

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला हात मागितला, मी धरून उठवलं, आणि हात तसाच धरून ते मला घेऊन जिना उतरले. सरळ प्राचार्यांच्या खोलीत. तिथे मी सगळं सांगितलं. प्राचार्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

“मगदूम, विद्यापीठाचा हुकूम आलाय,” ते म्हणाले. “समितीसमोर हा एक बोलला, आज दुसरं बोलतोय. मी कुठल्या तोंडाने त्यांना लिहू? आणि तुम्ही तीस तारखेला रिटायर होताय. तुमच्यामागे वर चढणार कोण?”

माझी ऑर्डर टाइप झाली नाही हे वेगळं सांगायला नको. महिन्याअखेर मी कुरुंदगड सोडलं. पुढे पाटबंधाऱ्याच्या कामांवर नोकरी केली, धरणं-कालवे बांधले, निवृत्त झालो. बुरूज अजून उभा आहे म्हणतात. आत परीक्षेचे गठ्ठे असतात.

त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीतून आम्ही बाहेर आलो तेव्हा मी सरांना म्हणालो, “मी काय करू, सांगा.” ते परत जिना चढून वर गेले. मी मागोमाग. त्यांनी कपाटातून नोंदींच्या दोन जाड वह्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि खिशातून लाल पेन्सिल काढली.

“बस,” ते म्हणाले. “तू तारीख वाच. डिसेंबर अडुसष्टपासून.”

“कशाला, सर?”

“फट बंद असताना घेतलेली मापं आहेत ही. उद्या कोणी खरी मानून वापरली तर?”

मी वाचू लागलो. दोन डिसेंबर. तीन डिसेंबर. पाच डिसेंबर. प्रत्येक तारखेला ते पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढत आणि खाली सही करत. थंडीतल्या रात्री, जोडताऱ्यांची मापं, सूर्याच्या डागांची बारीक शाईतली चित्रं. काही पानांवर समासात लिहिलेलं होतं, ‘प्रतिमा अस्थिर. माझा दोष?’ तिथेही रेघ. माझा आवाज बसायला लागला तेव्हा ते थांबले, तांब्या माझ्याकडे सरकवला, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत वाट पाहिली. एकोणसत्तर संपलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल संपला.

“आठ मे,” मी म्हणालो. रेघ.

“नऊ मे.”

पानावर तो मोठा गोल होता, दहाच्या सुमारासच्या तीन वेड्यावाकड्या खुणा, आणि त्यांच्यापासून पलीकडच्या कडेपर्यंत सरळ ओळीत गेलेले काळे ठिपके. सरांची पेन्सिल पहिल्या तीन खुणांवर उतरली. त्या त्यांनी खोडल्या. मग हात वर घेतला.

“बाकीचं राहू दे,” ते म्हणाले. “त्यानंतर वर कोणी चालत नव्हतं.”

त्यांनी पान उलटलं.

“पुढची तारीख वाच.”